वीस फुटांवर

ज्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, ते निळं आंतर्देशीय पत्र होतं. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आलं. पत्ता आमच्या फोर्टमधल्या जुन्या कचेरीचा होता. कुणीतरी तो खोडून शेजारी माझा घरचा पत्ता घातला होता. दाऊदभाई सोलकरांनी प्रकृतीची चौकशी केली होती, रुकय्याभाभींचा सलाम कळवला होता आणि खाली विचारलं होतं, "झाडं एकमेकांत घुसली आहेत. एक आड एक तोडू का? तुम्ही सांगाल तसं करतो."

शेवटी मोबाइल नंबर होता. फोनवर बोलायला मला कधीच जमलेलं नाही. पत्र शब्दकोशात ठेवलं. मला रोज कुठला ना कुठला शब्द बघावा लागतो, त्यामुळे ते रोज समोर येत राहिलं.

त्या झाडांची गोष्ट दोन हजार अकराच्या मार्चमधली आहे.

"या, थांबासाहेब," कीर्तने म्हणाले. "युरेनियमचं कुठवर आलं?"

कीर्तने आमच्या गुंतवणूक सल्लागार पेढीचे मालक. आमच्याकडे प्रत्येक अहवालाच्या शेवटी तीनपैकी एक शब्द लिहायची पद्धत होती: घ्या, थांबा किंवा विका. अहवाल चार पानांचा असो की चाळीस, ग्राहक शेवटचं पान उघडून तो शब्द बघत आणि बाकीची पानं मिटून ठेवत. माझ्या बहुतेक अहवालांखाली थांबा असायचं. त्यावरून ते नाव पडलं होतं. मला त्याचा राग नव्हता. एखाद्या गोष्टीबद्दल पुरेसं वाचून झालं असं मला कधी वाटतच नसे.

"आकडे झालेत," मी म्हणालो.

"काय म्हणतात आकडे?"

मी सांगितलं. जगात साठेक अणुभट्ट्या बांधल्या जात होत्या, त्यांतल्या बऱ्याचशा चीनमध्ये. खाणींतून निघणारं युरेनियम आहे त्याच भट्ट्यांना पुरत नव्हतं. तूट भरून निघत होती ती साठ्यांतून आणि रशियाची जुनी अण्वस्त्रं मोडून. ती मोडण्याचा करार दोन वर्षांत संपणार होता. नवी खाण उघडायला दहा-बारा वर्षं जातात. आमच्या नजरेत असलेल्या कंपनीची आफ्रिकेतली खाण जवळजवळ तयार होती.

"मग घ्या लिहायला अडलंय काय?"

"मागणीचा अर्धा भाग नुसता यादीत आहे, साहेब. नियोजित भट्ट्यांची यादी. नियोजित म्हणजे नेमकं काय, ते प्रत्येक देशात वेगळं आहे."

"आपल्याकडचं काय आहे त्या यादीत?"

"कोकणातलं कातळसुरे आहे. पहिली भट्टी दोन हजार एकोणीसला सुरू होणार."

कीर्तन्यांनी कॅलेंडरकडे पाहिलं. "तुम्ही कातळसुऱ्याला जा. यादीतलं एक नाव तरी डोळ्यांनी बघा. शुक्रवारी छपाईला द्यायचंय, सोमवारी ग्राहकांची बैठक. डॉक्टर लोक पैसे घेऊन तयार आहेत. आणि चेऊलकर, या वेळी जर थांबा लिहिलंत, तर तो अहवाल मी नेऊन बसस्टॉपवर लावीन."

त्यांच्या ओळखीच्या एका आंबा-व्यापाऱ्याने दाऊदभाईंचं नाव दिलं होतं. एसटीतून उतरलो तेव्हा ते फाट्यावर उभे होते. पासष्टीचे, पांढरी दाढी, जाळीची टोपी, चाल जरा झुलती. आयुष्यभर जहाजांवर सारंग होते, म्हणजे खलाशांचे मुकादम.

"तुम्हीच का चेऊलकर? मला वाटलं कॅमेरेवाला असेल."

"मी लिहितो."

"लिहिणारे पण येतात. मागे एक पोरगी आली होती दिल्लीहून, ती रडून गेली. त्याच्या आधी मोजणीवाले आले, ते जेवून गेले. तुम्ही काय करणार?"

"बघणार."

"बघा. बघायला काय जातंय."

आम्ही सड्यावरून निघालो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. खाली एका बाजूला समुद्र. मोजणीचे पांढरे दगड ओळीने रोवलेले होते. मी वाचलेल्या नकाशात इथे भट्ट्या होत्या. प्रत्यक्षात आंब्याची कलमं होती. नवी, गुडघाभर उंचीची, नजर जाईल तिथवर. प्रत्येकाला मातीचं आळं, बाजूने दगडांचा गडगा.

मला बरं वाटलं. यादी तपासण्याचा हा मार्ग कुठल्या पुस्तकात नव्हता आणि तो मला आपोआप सापडला होता. हापूसचं कलम धरायला पाच-सहा वर्षं घेतं, भरात यायला त्याहून जास्त. ज्याला जमीन जाणार असं वाटतं, तो माणूस ते लावील कशाला?

"लोकांना खात्री दिसते," मी म्हणालो.

"कसली?"

"प्रकल्प येणार नाही याची. नाहीतर एवढा आंबा कोण लावेल?"

दाऊदभाई थांबले. हसले नाहीत, पण हसू दाढीत कुठेतरी गेलं. "साहेब, या झाडापासून त्या झाडापर्यंत जरा चालून दाखवा."

मी चाललो. चौथं पाऊल पुढच्या आळ्यात पडलं.

"दहा फूट," ते म्हणाले. "हापूसला तीस लागतात. दहावर लावला तर मोठेपणी एकमेकांचे गळे धरतील. पण यांना मोठं कुणाला करायचंय? पावसाळ्यानंतर शेवटची मोजणी आहे. जितकी झाडं, तितका मोबदला. ही बाग नाही हो, ही हजेरी आहे. प्रकल्प येणार याची खात्री आहे, म्हणून लावलीत."

मी चष्मा पुसला.

"तुमच्यासारखाच तो मोजणीवाला साहेब पण पहिल्यांदा खूश झाला होता," दाऊदभाई म्हणाले. "म्हणाला, वा, काय हिरवं केलंय."

घरी रुकय्याभाभी ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "हे विचारायला आलेत की सांगायला?"

"बघायला," दाऊदभाई म्हणाले.

"मग बघा म्हणावं. ती पण बघा," आणि त्यांनी विहिरीकडे हात केला.

विहिरीशेजारी फणसाच्या सावलीत काळ्या पिशव्यांतली कलमं मांडून ठेवली होती. काहींची मुळं पिशवी फोडून बाहेर आली होती.

"आदल्या पावसाळ्याआधी आणलेली," भाभी म्हणाल्या. "लावायची राहिली. अख्खं वर्ष पाणी घालतेय. पिशवीत किती वाढतील? हे रोज संध्याकाळी सड्यावर जातात, उभे राहतात, परत येतात."

"विचार करतो," दाऊदभाई म्हणाले.

"सारंगाने विचार करायचा नसतो, असं तुम्हीच सांगायचात."

जेवायला तांदळाची भाकरी, भात आणि बांगड्याचं सार होतं. जेवताना मला सगळं कळलं. त्यांचा मुलगा नाजिम दोह्याला क्रेन चालवत होता. तो म्हणत होता, बाग उभी राहणार असेल तर मी येतो, कायमचा. जमीन जाणार असेल तर येऊन काय करू? मग मोबदल्यातून मुंब्र्याला खोली घ्या, तिथे राहा.

"म्हणजे तो तिकडे आणि आम्ही मुंब्र्याला," भाभी म्हणाल्या. "खिडकीतून दुसऱ्याची खिडकी बघत."

"महिन्याअखेर माणसं येतात खड्डे मारायला," दाऊदभाई म्हणाले. "जांभा आहे, सुरुंग लावावा लागतो. बाहेरून माती आणून भरायची. खड्डा पडला की पडला, तो सरकवता येत नाही. आता तुम्ही सांगा. दहावर मारू की तीसवर?"

"मला आंब्यातलं काही कळत नाही."

"आंब्यातलं मला कळतं. तुम्ही प्रकल्पाचं सांगा. येणार की नाही? तुमचं कामच ते, असं तो व्यापारी म्हणाला."

मी चीनबद्दल सांगितलं. रशियाच्या अण्वस्त्रांबद्दल, खाणींबद्दल सांगितलं. विजेची मागणी कशी वाढत जाणार, तेही सांगितलं. दाऊदभाईंनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. जहाजावर असताना त्यांनी यांतली कितीतरी बंदरं पाहिली होती.

"हे चीनचं झालं," ते म्हणाले. "कातळसुऱ्याचं?"

"त्याला बऱ्याच बाजू आहेत."

"असतीलच. पण बघा, जहाज बंदरात शिरायच्या आधी पायलट चढतो. त्याचं नाव पण आम्ही विचारत नसू. तो म्हणाला डावीकडे, की डावीकडे. कारण तळ त्याला माहीत."

"आणि रुतलं तर?" भाभींनी विचारलं.

"रुतलं तर कप्तानाचं नाव जातं. पायलट तोवर शिडीने उतरून गेलेला असतो."

दोघंही हसले. मी भाताची शितं गोळा करत राहिलो.

सकाळी निघताना दाऊदभाईंनी पुन्हा विचारलं नाही. फाट्यापर्यंत माझी पिशवी त्यांनीच घेतली होती. भाभी गडग्यापर्यंत आल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. कुणी काही विचारत नाही, नुसतं उभं राहतं, तेव्हा मला फार अवघड होतं.

"वीस," मी म्हणालो.

"काय वीस?" दाऊदभाईंनी विचारलं.

"वीस फुटांवर मारा. प्रकल्प आला, तर मोजणीला तीसवर लावल्यापेक्षा जास्त झाडं भरतील. नाही आला, तर निदान दहावर तरी नसतील."

भाभी म्हणाल्या, "वीसवर ना धड बाग, ना धड मोजणी."

दाऊदभाई त्यांच्याकडे वळले. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला होता, ते मला अजून आठवतं. "असू दे ना. कुणीतरी आकडा तर दिला," ते म्हणाले. मग फाट्यावर पिशवी माझ्या हातात देत म्हणाले, "तुमचा अहवाल झाला की कळवा काय लिहिलंत ते. नाजिमला सांगायला बरं."

मी कार्ड दिलं. कळवतो म्हणालो.

गुरुवारी कचेरीत अहवालाचं शेवटचं पान लिहायला घेतलं. कीर्तने दोनदा केबिनच्या दारातून डोकावून गेले. मी आधी घ्या लिहिलं. लोकांनी दहा फुटांवर झाडं लावली होती; प्रकल्प येणार यावर याहून प्रामाणिक मत मला कुठे मिळणार होतं? ते खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. संध्याकाळी कागद पाकिटात घालून छापखान्याच्या माणसाला दिले आणि घरी गेलो.

शुक्रवारी दुपारी कचेरीतल्या टीव्हीवर जपानचा समुद्र दिसला. शेतांवरून काळं पाणी चाललं होतं. त्यावर घरं होती, मोटारी होत्या. शनिवारी तिथल्या अणुभट्टीच्या इमारतीचं छप्पर उडालेलं दाखवलं. सोमवारी बाजार उघडले तेव्हा जगभरच्या युरेनियम कंपन्या कोसळत होत्या. आमची आफ्रिकेतली कंपनीही.

बैठकीला सगळे ग्राहक आले होते. कुणी बसत नव्हतं. कीर्तने छापून आलेला अहवाल घेऊन उभे राहिले, शेवटचं पान उघडलं आणि सगळ्यांना दिसेल असं धरलं. त्यावर थांबा होतं.

"शुक्रवारी सकाळी छापलेलं आहे हे," ते म्हणाले. "सकाळी. सगळं मार्केट घ्या म्हणून ओरडत होतं. हा एक माणूस म्हणत होता, थांबा. मी याची चेष्टा करायचो. आज सगळ्यांसमोर कान पकडतो."

आणि त्यांनी खरोखर कान पकडला. लोक हसले, मग टाळ्या वाजल्या. पुढच्या खुर्चीजवळ उभे असलेले एक वयस्कर डॉक्टर माझा हात हातात घेऊन म्हणाले, "हॉस्पिटल विकून आलेलं सगळं मी यात घालणार होतो. तुम्हाला कसं कळलं हो?"

मी हलकेच हात सोडवून घेतला. ते विनयात जमा झालं.

त्या दिवसापासून मला कुणी थांबासाहेब म्हटलं नाही. चेऊलकरसर झालो. मी निवृत्त होईपर्यंत नव्या मुलांना माझी ओळख करून देताना कीर्तने म्हणायचे, "जपानचं आधी कळलेला माणूस." मला जपानचं काही कळलेलं नव्हतं. तो शब्द मी कातळसुऱ्यात गडग्यापाशी, वीस म्हणालो तेव्हाच लिहून टाकला होता. माझ्या थांबाला टाळ्या पडल्या. दाऊदभाईंचं वीस दगडात खोदलं गेलं.

दाऊदभाईंना काही कळवलं नाही.

युरेनियमचा भाव त्यानंतर कितीतरी वर्षं खालीच राहिला. कातळसुऱ्याची मोजणी झाली नाही, रद्दही झाली नाही; पुढे गेली. हे मी वर्तमानपत्रात बघत असे. झाडांचं काय झालं, ते वर्तमानपत्रात येत नाही. ते गेल्या वर्षीच्या पत्रातून कळलं. लोकांनी दहावरची झाडं केव्हाच उपटून सरपणाला नेली होती. काहींनी तीसवर नवी लावली, त्यांना आता फळ होतं. दाऊदभाईंची वीसवर होती. वाढली, भिडली, आतल्या फांद्यांना ऊन मिळेना, मोहोर नुसता वरच्या शेंड्यांना. नाजिम आला होता. बायको-मुलांसकट आला होता, आणि एक आड एक तोडू या म्हणत होता. पण पुन्हा मोजणी होणार अशी बोलवा उठली होती. "आज तोडली आणि उद्या मोजायला आले तर? न तोडली आणि नाही आले, तर नाजिम परत दोह्याला जाणार. इथे त्याचं भागत नाही. म्हणून तुम्हाला विचारतो."

मी उत्तराचे तीन मसुदे केले. तिन्ही चांगले झाले होते. तिन्हींत दोन्ही बाजू होत्या. एकही टाकला नाही.

गेल्या आठवड्यात मधुराचा फोन आला. मधुरा म्हणजे कीर्तन्यांची मुलगी. ते गेल्यावर पेढी तीच बघते.

"काका, युरेनियम परत वर आलंय. डेटा सेंटरवाल्यांना चोवीस तास वीज हवीय, सगळे पुन्हा अणुभट्ट्यांकडे वळताहेत. तुम्ही एक अहवाल लिहाल का? छोटासा. नाहीतर नुसता शेवटचा शब्द सांगा. ग्राहकांना तुमचं नाव अजून माहीत आहे."

"मधुरा, मला जपानचं काही कळलं नव्हतं."

"बाबा म्हणायचेच, तुम्ही फार विनय करता."

"विनय नाही. मी घाबरून थांबा लिहिलं होतं."

ती हसली. "हेच, काका. हेच आजकालच्या मुलांना जमत नाही. बरं, तुम्हाला ताज्या याद्या तरी पाठवून ठेवते. बघा."

याद्या आल्या. जुना अहवाल कपाटात होता, तोही काढला. दोन्ही शेजारी ठेवून कातळसुरे शोधलं. जुन्या यादीत पहिली भट्टी दोन हजार एकोणीसला होती, म्हणजे आठ वर्षांनी. नव्या यादीतही नाव होतं. आता दहा वर्षांनी होती. मधल्या याद्या ग्रंथालयात जाऊन पाहिल्या. नाव एकदाही गळलेलं नव्हतं. तारीखही कधी जवळ आलेली नव्हती. सड्यावरून क्षितिज जसं चालणाऱ्याबरोबर सरकतं, तशी ती सरकत आली होती. पण विजेची गरज या खेपेला खोटी वाटत नव्हती. माझी आकडेमोड अजून बरी आहे.

मग कागदावर ठिपके काढले. वीस फुटांवर, ओळीने. सरळ ओळीत एक आड एक खोडलं की एका बाजूला चाळीस पडत होते आणि दुसरीला वीस. जमेना. मग बुद्धिबळाच्या पटावरची काळी घरं खोडावीत तसं तिरपं खोडून पाहिलं. उरलेल्या प्रत्येक ठिपक्याला चारही बाजूंना अठ्ठावीस फूट मिळाले. मी पट्टीने पुन्हा मोजलं. तीसला फारसे कमी नव्हते.

रुकय्याभाभी असत्या समोर, तर काय म्हणाल्या असत्या, कुणास ठाऊक. मी आंतर्देशीय पत्र आणलं आणि मसुदा न करता लिहिलं.

"दाऊदभाई, सलाम.

उत्तराला उशीर झाला. तुम्ही तोडलीही असतील. तसं असेल तर हे पत्र नाजिमला दाखवू नका.

अहवालात काय लिहिलं ते कळवायचं राहिलं. तुम्हाला सांगितलं तेच लिहिलं होतं.

प्रकल्प येणार, असं मला वाटतं. आंबा त्याच्या आधी येईल. मोजणीसाठी थांबू नका. एक आड एक तोडा, पण तिरपी तोडा; आकृती काढली आहे, फुली ती तोडायची.

भाभींना सांगा, त्या दिवशी त्यांचं बरोबर होतं.

माझं चुकलं तर पत्ता खाली आहे. हा घरचा आहे."

पोस्टाबाहेरची पेटी तोंडापर्यंत भरली होती. पत्र अर्धं आत गेलं आणि अडकलं. मागे एक बाई राख्यांची पाकिटं घेऊन उभ्या होत्या. "ढकला हो आजोबा, जातं," त्या म्हणाल्या. मी दोन बोटं आत घालून ढकललं. ते गेलं.